सहा मिनिटं पुढे

मिनिटमामांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं त्या मोहल्ल्यात कुणी उरलं नव्हतं. वय साठीला टेकलेलं, घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि कुणी वेळ विचारली की "सव्वापाच" म्हणून मोकळं न होता "पाच वाजून सतरा मिनिटं" असं सांगायची खोड. त्यावरून नाव पडलं आणि चिकटलं. त्यांची बायको त्यामुळे आपोआप मिनिटमामी झाली. तिला ते नाव अजिबात आवडत नसे. "मिनिटं यांनी मोजायची आणि नाव मला," असं ती म्हणायची.

दुकान एवढंसं, की मामा आत बसले की गिऱ्हाइकाने बाहेरच उभं राहायचं. भिंतीवर तीसेक घड्याळं आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. दुरुस्तीला आलेलीच ती, खरी वेळ सांगतील कशी? नवखा माणूस त्या भिंतीकडे बघून गांगरायचा. मामा मात्र डोळ्याचं भिंग न काढता कोटाच्या खिशातलं स्वतःचं घड्याळ चाचपायचे आणि मिनिटासकट वेळ सांगायचे. ते खिशातलं घड्याळ कधी चुकत नसे. मामांनाही वाटे की आपण कधी चुकत नाही. माणसाचं आणि घड्याळाचं इतकं सूत जुळलं की असा घोटाळा होतोच.

पण मामांचा खरा जीव होता तो मशिदीतल्या घड्याळात. भिंतीवरचं जुनं, लंबकाचं, तासाला ठोके देणारं घड्याळ. तीस वर्षं दर शुक्रवारी सकाळी मामा स्टुलावर चढून त्याला चावी देत, काच पुसत आणि दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे पोटच्या पोरीकडे बघावं तसं बघत. मोहल्ल्यात हीच एक मशीद. भोवती तीन-तीन मजली इमारती इतक्या दाटीने उभ्या, की तिथे सूर्य मावळताना कुणी पाहिलेलाच नव्हता. तो आधीच तासभर भिंतींमागे जायचा. खिशाखिशात फोन यायच्या आधीचे दिवस ते. रमजानच्या वेळांचा छापील तक्ता घड्याळाशेजारी टांगलेला असायचा. अजान देणारे चाचा तक्ता बघत, घड्याळ बघत आणि अजान देत. लोक आपापली मनगटी घड्याळं मशिदीच्या घड्याळाशी जुळवून घेत. पाच वेळच्या नमाजा, महिनाभराचे रोजे, दोन्ही ईदच्या नमाजा, सगळं त्या एका घड्याळावर चालायचं. म्हणजे पर्यायाने आपल्यावर चालतं, असं मामांना वाटायचं. उघड बोलत नसत, पण वाटायचं.

त्या वर्षी रमजानच्या आदल्या शुक्रवारी मामांच्या डोक्यात एक कल्पना आली. कल्पना कसली, नसती उठाठेव.

झालं होतं असं, की मागच्या रमजानात एका पहाटे मामा सहरीचं, रोजा सुरू होण्याआधीचं शेवटचं पाणी पीत होते आणि पेला ओठाला असतानाच अजान सुरू झाली. घोट गिळावा की थुंकावा हे कळेना. गिळला. पुढे वर्षभर तो घोट त्यांच्या घशात अडकून होता. आणि आपण एकटेच नाही, मोहल्ल्यात अर्धे लोक अगदी काठावर खातात, हे त्यांनी पाहिलं होतं. तेव्हा यंदा मशिदीचं घड्याळ जरा पुढे ठेवावं. लोक वेळेआधीच हात धुतील, कुणाचा रोजा पहाटे धोक्यात येणार नाही. किती पुढे ठेवावं? पाच मिनिटं कमी वाटली, दहा फार वाटली. मामांना सहा पटली. गोल आकडे त्यांना तसेही आवडत नसत.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. मौलवीसाहेबांना नाही, चाचांना नाही, मामीलाही नाही. न सांगण्यामागेही विचार होता. घड्याळ पुढे आहे हे एकदा का माणसाला कळलं, की तो ती मिनिटं मनातल्या मनात वजा करतो आणि होता तिथेच येतो. ज्यांच्या घरात घड्याळ पुढे ठेवलेलं आहे त्यांना हे सांगायला नको. तेव्हा गुपचूप, एकट्याने, पुण्याचं काम. मामांनी मोठा काटा सहा मिनिटं पुढे सरकवला, काच लावली आणि स्वतःवर खूश होऊन खाली उतरले.

रमजान सुरू झाला. पहाटे सगळे वेळेआधी हात धुऊ लागले. मामा रोज ते बघत आणि मनात म्हणत, बघा, कुणाला पत्ता नाही कुणी सांभाळलंय ते. संध्याकाळी तेच सगळ्यांबरोबर मशिदीत ओळीने बसत, हातात खजूर घेऊन. चाचा घड्याळाकडे बघत, सूर्यास्ताची वेळ झाली की अजान देत, आणि मामा सगळ्यांच्या बरोबरीने रोजा सोडत. एकदा शिंपी म्हणाला, "मामा, माझं घड्याळ मशिदीच्या मागे पडतंय." मामांनी हसत हसत त्याचं घड्याळ पुढे केलं.

तुमचा विश्वास बसत नाही ना? पुढे मामांचाही बसला नाही. चोवीस दिवस हा माणूस त्या घड्याळाखाली बसला. पहाटेचा विचार त्याने इतका केला होता की संध्याकाळ त्याच्या डोक्यात आलीच नाही.

चोविसाव्या रोज्याला, गुरुवारी, कापडाच्या कारखान्यातून बोलावणं आलं. कारखान्याच्या चौथ्या मजल्यावर गच्चीलगत मोठं घड्याळ होतं आणि ते दुपारी बंद पडलं होतं. मामीने दोन खजूर रुमालात बांधून दिले, पाण्याची बाटली दिली. "वरच रोजा सोडा. उतरायची घाई करून पाय मोडून घेऊ नका," ती म्हणाली.

काम किरकोळ निघालं. तबकडीच्या मागे पक्ष्याने काड्या भरल्या होत्या. त्या काढल्या, तेल दिलं, काटे खिशातल्या घड्याळाशी जुळवले आणि मामा गच्चीवर येऊन टेकले. जिभेला कोरड पडली होती. खाली छपरांच्या गर्दीत मशिदीचा मिनार दिसत होता. तेवढ्यात चाचांचा आवाज वर आला. अजान. मामांनी बिस्मिल्ला म्हटलं, खजूर तोंडात टाकला, वर पाण्याचे तीन घोट घेतले. मग दुआ मागायला हात उचलले आणि सहज पश्चिमेकडे तोंड केलं.

समोर सूर्य होता.

कड नव्हे, अर्धाही नव्हे. अख्खा गोल, तांबडा सूर्य क्षितिजाच्या अर्धं बोट वर उभा होता. खजुराची बी मामांच्या गालात होती. ती त्यांनी थुंकलीही नाही, गिळलीही नाही.

आधी त्यांना वाटलं, चाचा चुकले. मग वाटलं, आपण उंचावर आहोत, उंचावर सूर्य जरा जास्त वेळ दिसतो, असं मौलवीसाहेब एकदा म्हणाले होते. हो, तेच असणार. चार मजल्यांचा फरक. मामांनी खिशातलं घड्याळ काढलं आणि सूर्यावर नजर लावली. एक मिनिट गेलं. दोन गेली. चार मजल्यांनी असा काय फरक पडणार, अर्ध्या मिनिटाचा? तीन गेली, चार गेली. पाचव्या मिनिटाला सूर्य अर्धा बुडाला. सहावं मिनिट भरता भरता शेवटची लाल कड गेली.

सहा.

 आता मामांना हिशेब लागला. पहाटे सहा मिनिटं पुढे म्हणजे संध्याकाळीही सहा मिनिटं पुढे. घड्याळ एकच. पहाट जपायला निघालेल्या शहाण्याने अख्ख्या मोहल्ल्याची संध्याकाळ बुडवली होती. एक दिवस नव्हे, चोवीस दिवस. दिवसभर तहानभूक काढायची आणि ऐन दारात येऊन, सूर्य डोळ्यांसमोर असताना, घास तोंडात घालायचा. चोवीस दिवस त्यांनी सगळ्यांना तेच करायला लावलं होतं. शिंप्याचं घड्याळ पुढे केलं होतं, तेही हसत हसत!

"या अल्ला," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. 

चार मजले ते कसे उतरले, त्यांना आठवत नव्हतं. मशिदीत पोचले तेव्हा मगरिबची, सूर्यास्तानंतरची नमाज होऊन लोक पांगत होते. ती नमाज रमजानात अजानीनंतर दहा मिनिटं थांबून होई, तेवढी वाचली होती. मामांनी स्टूल ओढलं.

"काय मिनिटमामा, आज गुरुवारीच?" चाचांनी विचारलं.

"तेल द्यायचंय," मामा म्हणाले. मशिदीत उभं राहून, रमजानच्या महिन्यात, ते खोटं बोलले. चाचा मान डोलावून आत गेले.

आता ठोक्याच्या घड्याळाचं असं असतं, की त्याचे काटे मागे फिरवत नाहीत. फिरवले तर ठोके चुकतात, चाकांचे दात तुटतात. पुढे गेलेलं घड्याळ मागे आणायचं तर लंबक हाताने धरायचा, जितकं पुढे असेल तितका वेळ तसंच उभं राहायचं, आणि सोडायचा. मामांनी काच उघडली, लंबक बोटांत धरला. घड्याळ थांबलं. आता सहा मिनिटं स्टुलावर. कुणाला कळायचं कारण नाही. उद्यापासून सगळं ठीक. उरलेले पाच-सहा रोजे तरी बरोबर होतील. झालं ते या भिंतीला ठाऊक आणि मला. तीस वर्षांत पहिल्यांदाच मामांना आपला हात घाण वाटला.

"मामा, एक विचारू?"

खाली गवंडी उभा होता. मोहल्ल्यातला सर्वांत दांडगा माणूस. दिवसभर गिलावा करायचा, घमेली उचलायचा, आणि रोजा एकही चुकवायचा नाही. दहा दिवसांपूर्वी, चौदाव्या रोज्याला, त्याची आई गेली होती. तेव्हापासून तो असाच मशिदीत रेंगाळायचा, कुणाशी तरी बोलायला बघायचा.

"विचार," मामा म्हणाले. लंबक सोडता येत नव्हता.

"तहान फार लागली असेल का हो आईला?"

 गवंड्याने खिशातून कागदाची पुडी काढली, उघडली. आत एक सुकलेला खजूर होता.

"हा तिच्या मुठीत होता. खाववत नाही, टाकवत नाही." त्याने पुडी पुन्हा मिटली. "मी घरी येऊन शेजारी बसल्याशिवाय ती रोजा सोडायची नाही, ठाऊक आहे तुम्हाला. त्या दिवशी भिंत अर्धी राहिली होती. म्हटलं, तेवढी ओढून घेऊ. कोपऱ्यावर आलो तर अजान सुरू झालेली. धावत सुटलो. बायको सांगते, अजान सुरू झाल्यावर आईने खजूर उचलला, मग म्हणाली, येऊ दे त्याला. आणि डोकं भिंतीला टेकलं. मी आत शिरलो तेव्हा अजान संपत होती. मला वाटलं डुलकी लागलीय."

मामांनी लंबक आणखी घट्ट धरला.

"पाच मिनिटं आधी निघालो असतो तर तिने रोजा सोडला असता. पाणी प्यायली असती. वेळ झालेली, सगळा मोहल्ला पाणी पितोय, आणि माझी आई तहानलेली गेली. माझ्यामुळे." एवढा मोठा गडी, पण बाहीने डोळे पुसत होता. "तुम्ही मिनिटं मोजता ना मामा, म्हणून तुम्हाला सांगितलं. पाच मिनिटं म्हणजे केवढी असतात, ते तुम्हालाच कळणार."

तो गेला. मामा लंबक धरून उभेच राहिले. किती मिनिटं झाली हे, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांना कळलं नाही. शेवटी खिशातलं घड्याळ काढून बघावं लागलं.

घरी आल्यावर मामीने ताट वाढलं. मामा ताटाकडे बघत बसले. "काय झालं? घड्याळ पडलं का कारखान्याचं?" तिने विचारलं. मामांनी सांगितलं. सगळं, ओठाला लागलेल्या पेल्यापासून हातातल्या लंबकापर्यंत.

मामीच्या हातातला डाव तसाच राहिला.  तिला गुडघ्यांचं दुखणं होतं, औषधाच्या गोळ्या होत्या, दोन वर्षं रोजे धरता आले नव्हते. यंदा हट्टाने धरले होते आणि बोटांवर मोजत होती.

"चोवीसच्या चोवीस?" ती म्हणाली.

"चोवीसच्या चोवीस."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो?" तिचा आवाज चढला नाही, त्याचीच मामांना जास्त भीती वाटली. "कुणी अर्ज केला होता तुमच्याकडे? अल्लाने वेळ ठरवून दिलीय. सूर्य उगवायच्या किती आधी, मावळल्यावर कधी, सगळं ठरलेलं. त्यात तुम्ही सहा मिनिटं घातली? तुम्ही?"

"लोकांच्या भल्यासाठीच..."

"भल्यासाठी!" मामीने डाव ठेवला. "माझे रोजे मी पुन्हा धरीन. गुडघे मोडले तरी धरीन. पण त्या घड्याळाकडे बघून जेवलेल्यांना कोण सांगणार? तुम्ही सांगणार की मी सांगू?"

"आता बरोबर केलंय घड्याळ," मामा पुटपुटले.

"घड्याळ बरोबर केलंत. आणि तुमचं काय?"

 पंचविसावी रात्र होती, रमजानच्या शेवटच्या विषम रात्रींपैकी एक. मोहल्ला प्रार्थनेला, इबादतीला जागा होता. मामांना जाग्या लोकांत जायची हिंमत झाली नाही.

शुक्रवारी सकाळी ते मौलवीसाहेबांच्या खोलीत गेले. मौलवीसाहेब मामांहून वीस वर्षांनी लहान, मवाळ, हसतमुख. ऐकता ऐकता त्यांचं हसू गेलं. ते उठले, परत बसले, टोपी काढली, परत घातली.

"सूर्य दिसला तुम्हाला? डोळ्यांनी?"

"अख्खा."

"चोवीस दिवस मी स्वतः..." मौलवीसाहेबांनी वाक्य सोडून दिलं. बराच वेळ ते पुस्तकांची पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "न कळता झालं, तेव्हा लोकांवर गुन्हा नाही. पण रोजे पुन्हा धरावे लागतील. ईद झाली की, ज्याला जसे जमतील तसे. एकाच्या बदली एक."

"आणि माझ्यावर?"

"ते त्यालाच विचारा," मौलवीसाहेबांनी वर बोट केलं. मग मामांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना कणव आली. "हे बघा, आज रमजानचा शेवटचा जुमा. पाय ठेवायला जागा नसेल. मीच सांगतो. तुमचं नाव कशाला? घड्याळात बिघाड होता, एवढं पुरे. तीस वर्षं सेवा केलीत तुम्ही. लोक संतापले तर काय करतील सांगता येत नाही. गवंड्यासारखे लोक उन्हात घमेली उचलून रोजे धरतात."

मामांना तेव्हा काय वाटलं, ते खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. ते "बरं" म्हणाले. त्या "बरं"ची त्यांना पुढे जन्मभर लाज वाटली.

दुपारी जुम्याच्या नमाजेला मशीद भरली. ओळी अंगणात गेल्या, अंगणातून रस्त्यावर गेल्या. नवे-जुने धुतलेले कपडे, अत्तराचा वास, ईद पाच-सहा दिवसांवर आल्याची खुशी. मामा तिसऱ्या ओळीत, घड्याळाच्या बरोबर खाली बसले होते. पाठीमागच्या खोलीत बायका होत्या, त्यांत मामी होती.

मौलवीसाहेब खुतब्याआधी, म्हणजे प्रवचनाआधी, उभे राहिले. "एक वाईट बातमी आहे," ते म्हणाले. "आपल्या मशिदीच्या घड्याळात बिघाड झाला होता. रमजानच्या पहिल्या दिवसापासून..."

मामा उठून उभे राहिले. का उठले, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. त्या घड्याळावर आळ आलेला त्यांना सोसला नाही, हे त्यातलं एक कारण होतं.

"बिघाड नव्हता," ते म्हणाले.  "घड्याळ एका मिनिटानेही चुकलेलं नाही. तीस वर्षांत नाही, आत्ताही नाही. मी चुकलो. मी स्वतःच्या हाताने ते सहा मिनिटं पुढे केलं. पहाटे तुमचे रोजे सांभाळायला. संध्याकाळचं माझ्या डोक्यातच आलं नाही. काल गच्चीवर होतो. अजान झाली तेव्हा सूर्य समोर होता. चोवीस दिवस आपण सगळ्यांनी सूर्य असताना रोजा सोडला. माझ्यामुळे."

आधी कुणाला अर्थच लागला नाही. मग लागला. तो लागत लागत मागच्या ओळींपर्यंत गेला, आणि त्याच्या मागोमाग एक आवाज उठला, कुणा एकाचा नव्हे, सगळ्यांचा. "चोवीस?" "काय म्हणाले?" "सगळे?" चाचांनी घड्याळाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून खाली बसले; अजान त्यांनी दिली होती, रोज, आपल्या तोंडाने. शिंपी मनगटावरच्या घड्याळाकडे बघतच राहिला. कुणीतरी ओरडलं, "डोकं फिरलंय का म्हाताऱ्याचं?" दुसरा म्हणाला, "तुम्हाला मशिदीची किल्ली दिली कुणी?" दोघे-तिघे उठून मामांकडे येऊ लागले. मौलवीसाहेब "बसा, बसा" म्हणत होते, पण त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

तेवढ्यात गवंडी उठला. तो उठला तसे बाकीचे थांबले, कारण तो दोन माणसांएवढा होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओळींमधून वाट काढत तो मामांसमोर येऊन उभा राहिला. मामांनी डोळे मिटले नाहीत. मारलं तर मारू दे, असं त्यांच्या मनात आलं.

"पहिल्या दिवसापासून?" गवंड्याने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"चौदाव्याला पण?"

"चौदाव्याला पण."

"अजान झाली, तेव्हा सूर्य होता?"

"होता."

"अजान संपली तेव्हा?"

"तेव्हाही होता. सहा मिनिटं बाबा, पुरी सहा मिनिटं..." आणि बोलता बोलता मामांचा आवाज थांबला. गवंडी कुठे चाललाय, ते त्यांना आत्ता दिसलं.

"म्हणजे वेळ झालीच नव्हती," गवंडी म्हणाला. एकेक शब्द वीट लावल्यासारखा सावकाश ठेवत होता. "सगळे पाणी प्यायले तेव्हा वेळ झालीच नव्हती. आई थांबली होती. आणि थांबली असतानाच गेली." त्याने मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. "अरे, मला उशीर झाला नव्हता. ती तहानलेली राहिली नाही माझ्यामुळे. ती रोज्यात गेली. त्या दिवशी तुमचा-माझा कुणाचा रोजा झाला नाही. तिचा कुणी मोडला नाही. तिचा एकटीचा!"

 तो तिथेच, मामांच्या पायांशी बसला आणि मोठ्याने रडू लागला. दहा दिवस आत दाबून ठेवलेलं रडू होतं ते.  मामांकडे येत असलेले जिथल्या तिथे उभे होते आणि आपल्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. बायकांच्या खोलीतून कुणाचा तरी हुंदका आला.  मामा म्हणजे शिव्या ऐकायची, मार खायची तयारी करून उभा राहिलेला माणूस. या गोष्टीची त्याची काहीच तयारी नव्हती.

रोजे पुन्हा धरावे लागणार ते लागणारच होते. राग काही सगळ्यांचा गेला नाही. शिंपी नंतर वर्षभर मामांशी एक शब्द बोलला नाही. मशिदीच्या घड्याळाची किल्ली मामांनी त्याच दुपारी मौलवीसाहेबांच्या हातात ठेवली.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मशिदीत सगळे ओळीने बसले होते, हातात खजूर घेऊन. मामा शेवटच्या ओळीत, दाराजवळ, कुणाच्या नजरेस पडू नये असे बसले होते. दोन पोरं कारखान्याच्या गच्चीवर पाठवली होती. सूर्य बुडाला की ती कापड हलवणार होती. कापड हललं, चाचांनी अजान दिली. पण कुणाचाही हात तोंडाकडे जाईना. सगळे एकमेकांकडे बघत होते.

गवंडी उठून शेवटच्या ओळीत आला. मामांच्या शेजारी बसला. खिशातून कागदाची पुडी काढली, सुकलेला खजूर काढला, त्याचे दोन तुकडे केले. एक मामांच्या हातावर ठेवला. 

"खा, मामा," गवंडी म्हणाला. "आता वेळ झाली."